दोरा नाही हो, डोरा!

२०१८ मध्ये पुण्यात पहिला बोनस हातात पडला आणि मी टू-इन-वन लॅपटॉप घेतला. स्क्रीन मागे फिरवली की टॅब्लेट, सोबत पेन. दोन महिने मीटिंगमध्ये ऐटीत पेनाने नोट्स काढल्या. मग पेन गेलं बॅगेच्या तळाला. (बहुतेकांचं हेच होत असावं.)

कल्पना तशी जुनीच. अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये मुलांसाठी पाटीएवढा संगणक, डायनाबुक, कागदावर मांडला. १९९३ चा अ‍ॅपलचा न्यूटन हस्ताक्षर वाचताना असा चुकायचा की व्यंगचित्रांत त्याची टर उडाली. २००१ मध्ये बिल गेट्सनी भाकीत केलं, पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त टॅब्लेट पीसीच खपतील. २००२ मध्ये विंडोजची टॅब्लेट आवृत्ती आली. भाकीत फसलं, आणि २०१० चा आयपॅड तर पेनाशिवायच आला! पण २००२ च्या त्या प्रकारात एक शहाणपण होतं. लिहिलेलं छापील अक्षरांत बदलायची सक्ती नव्हती, शाई शाईच राहू शकत होती.

याची किंमत मला कळली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आमगावला, आमच्या गोंदिया जिल्ह्यात. बाबा निवृत्त शिक्षक. धानाच्या शेतीतले झाडीबोलीचे शब्द गोळा करायचं त्यांच्या मनात होतं. बांदी, परा, रोवना... कीबोर्डशी त्यांचं जमेना, म्हणून पेन शोधून दिलं. झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो, ‘ळ’ चा ‘र’. बाबांनी लिहिलं ‘डोरा’, म्हणजे डोळा. अक्षर ओळखणाऱ्या अ‍ॅपने छापलं ‘दोरा’. पुन्हा लिहिलं, पुन्हा दोरा!

मी हसलो. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं मी पण हेच केलं रे. पोरांनी ‘डोरा’ लिहिलं की लाल शाईने ‘डोळा’ करायचो."

त्या दिवशी मी ते ओळखणं बंदच करून टाकलं. बाबा रोज संध्याकाळी लिहीत बसायचे, वीज गेली तरी बॅटरीवर. माझा लॅपटॉप दिवसा ऑफिसचा, रात्री त्यांचा. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला परतलो तेव्हा तो घरीच ठेवला आणि ऑफिसच्या मशीनवर भागवलं.

२०२३ मध्ये बॅटरी फुगली, स्क्रीन एका कोपऱ्यात उचलली गेली. नागपूरच्या दुकानदाराने सांगितलं, दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या. पेनने लिहिलेली पानं फक्त त्याच मशीनवर होती, बॅकअप नाही. (आणि मी म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअर!) डिस्क काढून घेतली, दुसऱ्या मशीनला जोडली. सगळी पानं निघाली, खाडाखोडीसकट.

आता वीकेंडला ते शब्द टाइप करतोय. ‘डोरा’खाली लाल रेघ येते. ती बघून बाबा फोनवर विचारतात, "नवा घेशील तो पेनवाला ना?"