वरदा : नाम, नदी आणि सीमा

मराठी कुटुंबांत मुलींना ठेवले जाणारे ‘वरदा’ हे नाम आणि वर्धा नदीचे संस्कृत नाम एकच होय. ‘वर देणारी’ एवढा अर्थ सांगून या नामाची चर्चा सहसा संपते. परंतु विशेषनामाचा अर्थ व्युत्पत्तीत संपत नाही. ज्या संहितांतून आणि व्यवहारांतून ते आलेले असते, त्यांतही तो घडत असतो.

‘वर’ या कर्मपदापुढे ‘दा’ धातूला ‘क’ प्रत्यय लागून ‘वरद’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘वरदा’ सिद्ध होते. ‘वर’ मात्र ‘वृ’, म्हणजे निवडणे, या धातूपासून आलेला आहे. मागणाऱ्याने निवडलेले ते वर. निवडलेला पतीही वरच. म्हणजे या नामात स्त्रीकडे देण्याची क्रिया आहे; निवड मागणाऱ्याची आहे.

हा ताण कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त स्पष्ट होतो. विदर्भाचा माधवसेन आपली बहीण मालविका अग्निमित्राला देण्यासाठी विदिशेकडे निघालेला असताना यज्ञसेनाच्या सीमारक्षकाकडून पकडला जातो. मालविका निसटते आणि अखेर अग्निमित्राच्याच अंतःपुरात दासी म्हणून राहते. शेवटच्या अंकात विदर्भ जिंकल्यावर अग्निमित्र वरदेच्या दोन तीरांवर दोन राज्ये वाटून देतो, आणि त्याच अंकात मालविका त्याला दिली जाते. भूमीचे आणि कन्येचे दान असे एकत्र येते. ‘देणारी’ नदी येथे विभागणीची रेषा ठरते. भूमी देणारा राजा आहे; मालविका मात्र राणीच्या हातून दिली जाते.

नाटकातील ही रेषा पुढे इतिहासातही उमटली. 1803 च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडावा लागला. 1862 मध्ये निर्माण झालेल्या वर्धा जिल्ह्याने नदीचेच नाव घेतले. ‘ऐने अकबरी’ने तर वऱ्हाडचे मूळ नाव ‘वरदातट’ असे दिले आहे. ती व्युत्पत्ती ग्राह्य असो वा नसो, नदीवरून प्रदेश ओळखण्याची वृत्ती तीतून दिसते. ‘वरदा’चा मधला अकार लोपणे मराठी उच्चाराला धरून आहे, ‘वर्धा’तील महाप्राण मात्र त्याने स्पष्ट होत नाही. तेथे ‘वृध्’, म्हणजे वाढणे, या धातूचा संस्कार संभवतो.

तसे असेल, तर लोकोच्चाराने या नामाला एक वेगळी दिशा दिली असे म्हणता येईल. ‘वरदा’ दुसऱ्याने निवडलेले देते. ‘वर्धा’ स्वतः वाढते. मुलीच्या नामाचा अर्थ सांगताना या दोन्ही अर्थांची दखल घ्यावी लागते.