एका घडीच्या चाकूचा कालनिर्णय

शीर्षकपृष्ठ हरवलेल्या जुन्या ग्रंथाचे वय जाणकार कागद, टाइप आणि बांधणी यांवरून ठरवितात. जुन्या हत्यारांच्या बाबतीतही हीच वाट धरावी लागते. स्विस सैनिकांचा घडीचा चाकू हे त्याचे बोलके उदाहरण होय.

असा चाकू हाती आला की नजर पात्याकडे जाते. वास्तविक प्रथम पाहावी ती मूठ. काळसर ओक लाकडाची मूठ १८९० च्या पहिल्या नमुन्याची. १९०१ च्या नमुन्यात वजन घटविण्यासाठी फायबर आले. अ‍ॅल्युमिनियमची मूठ १९६१ च्या नमुन्याची. पहिल्या चाकूत पाते, आरी, डबा फोडण्याचे साधन आणि पेचकस अशी चार अवजारे होती. पेचकस काही हौसेचा नव्हे. १८८९ ची श्मिट-रुबिन बंदूक खोलण्यासाठी तो शिपायाला लागे.

या चाकूच्या स्विसपणाची कथा मात्र मौजेची आहे. पहिले चाकू आले ते जर्मनीतील झोलिंगेनहून! इतका माल पुरविण्याची ताकद तेव्हा स्विस कारागिरांत नव्हती. १८८४ पासून इबाख गावी कार्यशाळा चालविणाऱ्या कार्ल एल्सेनर यांना हे सलले. इतर कारागिरांना जोडून त्यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकू दिले. झोलिंगेनचा माल स्वस्त पडे. सोबती गळाले, एल्सेनर कर्जात रुतले, पण मागे सरले नाहीत. १२ जून १८९७ रोजी त्यांनी नोंदविलेल्या ‘अधिकारी’ चाकूत लहान पाते आणि बूच काढण्याचा पेच यांची भर पडली. नाव तेवढे फसवे. सरकारी साहित्यात तो नव्हता, अधिकारी तो पदरच्या पैशाने घेत.

कालनिर्णयाचा नेमका दुवा सापडतो तो एका मातेच्या नावात. १९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया निवर्तल्यावर एल्सेनर यांनी तिचे नाव मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद, म्हणजे ‘इनॉक्स’, वापरात आले आणि दोन्ही शब्द मिळून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. हा जोडशब्द असलेले पाते १९२१ पूर्वीचे असूच शकत नाही. उलट, गंज दिसला म्हणून सैनिकी चाकू त्याआधीचा मानणे चूक ठरेल. सैन्याच्या चाकूला न गंजणारे पोलाद मिळाले ते १९५१ च्या नमुन्यात. आणि ओकच्या मुठीत ‘व्हिक्टोरिनॉक्स’चे पाते आढळलेच, तर मधल्या काळात कोणाचा तरी हात त्यावर फिरला आहे, असे खुशाल समजावे.