उशिरा आलेली कबुली: जॉन न्यूटन आणि अंगठ्यांचे स्क्रू

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. मध्ये एक-दोन गोष्टी अशा येणार आहेत की शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या कानावर न पडलेल्या बऱ्या.

'अमेझिंग ग्रेस' हे गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. चर्चमध्ये नाही, तर सिनेमात. सिनेमात नाही, तर एखाद्या रीलच्या मागे, बॅगपाइपवर. ते लिहिलं जॉन न्यूटन नावाच्या एका इंग्लिश पाळकाने, ओल्नी नावाच्या लहानशा गावात, १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी. आणि त्यामागची गोष्टही तुमच्यापर्यंत फॉरवर्ड होऊन आलेली असू शकते. गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, समुद्रात वादळ आलं, त्याने देवाचा धावा केला, पश्चात्ताप झाला, त्याने गुलामांचा धंदा सोडला आणि हे गाणं लिहिलं. संपली गोष्ट.

गोष्ट ऐकायला छान आहे. फक्त तशी घडलेली नाही. आणि जशी घडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण पाप कबूल करणं आणि क्षमा मिळणं या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, हा प्रश्न तिथे अगदी उघडा पडतो.

आधी थोडं मागे जाऊ

मराठी बायबलमध्ये कबुलीसाठी एक सुंदर शब्दप्रयोग येतो: पाप पदरी घेणं. आणि आपण एरवी काय म्हणतो? 'मला पदरात घे.' म्हणजे सांभाळून घे, क्षमा कर. पदर एकच. माणसाने आपलं पाप पदरी घ्यायचं आणि देवाने माणसाला पदरात घ्यायचं. ख्रिस्ती शिकवण इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत असेल असं मला वाटत नाही.

पण पदरी घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे दर काळात बदलत गेलं. पहिल्या शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत व्हायचं. इ.स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने थेस्सलनीका शहरात हजारो माणसं कापली गेली. तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला प्रभुभोजन द्यायला नकार दिला. सम्राटाला सगळ्यांच्या देखत पश्चात्ताप करावा लागला, मगच त्याला परत घेतलं गेलं. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी वेगळी रीत पसरवली. पाप एकट्या पाळकाच्या कानात सांगायचं आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त करायचं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून किमान एकदा अशी कबुली सक्तीची केली आणि ऐकलेलं फोडणाऱ्या पाळकाला आयुष्यभर मठात डांबायची शिक्षा ठेवली. मधे जाळी असलेलं लाकडी कबुलीघर तर सोळाव्या शतकातलं. तेही मिलानच्याच एका आर्चबिशपने रुजवलं, चार्ल्स बोरोमिओने. गोव्यात कोकणीत याला 'कुमसार' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला.

मग १५१७ नंतर ल्यूथर आणि प्रॉटेस्टंट चळवळ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की क्षमा ही कमाई नाही, देणगी आहे. पाळकाला सगळी यादी वाचून दाखवायची अट नाही. माणूस थेट देवापुढे उभा राहतो.

म्हणजे बघा, कबुली आधी भरचौकात होती, मग कानात आली, मग मनात गेली. मनात गेल्यावर ती मोकळी झाली खरी. पण एक धोकाही आला. मनातली कबुली तपासणार कोण? स्वतःपासूनच एखादं पाप लपवलं तर?

न्यूटन उभा आहे तो नेमका इथे.

वादळ आलं, पण धंदा सुटला नाही

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनचा. वडील जहाजाचे कप्तान. आई तो सात वर्षांचा व्हायच्या आत क्षयाने गेली. १७४४ मध्ये त्याला जबरदस्तीने नौदलात भरती केलं गेलं. तिथून पळाला, सापडला, फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राहिला आणि तिथे त्याचेच इतके हाल झाले की अन्नाला महाग झाला.

मार्च १७४८. घरी परतताना 'ग्रेहाउंड' हे जहाज उत्तर अटलांटिकच्या वादळात सापडलं. जहाजात पाणी भरत होतं. २२ वर्षांचा, देवाची टिंगल करणारा हा पोरगा तेव्हा पहिल्यांदा दयेची याचना करतो. जहाज कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागतं. तो दिवस न्यूटनने पुढे आयुष्यभर पाळला.

फॉरवर्डमधली गोष्ट इथे संपते. आता तारखा बघा.

त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या, एक 'ड्यूक ऑफ अर्गाइल' जहाजावर आणि दोन 'आफ्रिकन' जहाजावर. वादळाच्या आधी नव्हे, नंतर. तो बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता, खलाशांसाठी रविवारची उपासना घेत होता. आणि खाली, त्याच जहाजाच्या पोटात, साखळ्यांनी बांधलेली माणसं होती. पुढे १७६४ मध्ये आपली जीवनकथा छापताना त्याने लिहिलं की देवाच्या सहवासाचे सगळ्यात गोड तास त्याला शेवटच्या दोन सफरींत मिळाले.

मंडळी, हे ढोंग होतं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. तो खरंच प्रार्थना करत होता. शिवीगाळ, दारू, बदफैली हे सगळं त्याने खरोखर पदरी घेतलं होतं. पण त्याच्या काळाने पापांची जी यादी त्याच्या हातात दिली होती, तिच्यात हा धंदाच नव्हता.

त्याने धंदा सोडला तोही सदसद्विवेकाच्या टोचणीने नाही. १७५४ च्या अखेरीस पुढच्या सफरीला दोन दिवस उरले असताना त्याला झटका आला, डॉक्टरांनी समुद्रावर जायला मनाई केली.

रोजनिशीतली एक नोंद

न्यूटनने जहाजावर लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यातली डिसेंबर १७५२ ची एक नोंद वाचून मी थांबलो. काही गुलाम बेड्या काढायच्या प्रयत्नात सापडले. झडती घेतल्यावर सुऱ्या, दगड, छिन्नी असं सामान मिळालं. हत्यारं पुरवण्यात चार मुलगे होते. मुलगे, बरं का. त्यांना बेड्या घातल्या आणि त्यांचे अंगठे स्क्रूच्या चिमट्यात 'थोडेसे' आवळले. कशासाठी? तर त्यांनी पूर्ण कबुली द्यावी म्हणून. शब्द त्याचाच आहे: कबुली. आणि कट वेळेवर उघडकीला आला म्हणून देवाच्या कृपेचा उल्लेखही त्याच नोंदीत आहे.

जो माणूस वर डेकवर देवापुढे आपल्या मनाने कबुली देतो, तोच खाली मुलांकडून अंगठे पिळून कबुली काढतो. आणि या दोन कबुल्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्याला दिसत नाही.

१७८८

पुढे न्यूटन पाळक झाला. १७६४ ते १७८० ओल्नीत, मग लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चमध्ये. लोक त्याच्याकडे मन मोकळं करायला यायचे. डिसेंबर १७८५ मध्ये एक तरुण खासदार गुपचूप भेटायला आला. आत यायचं धाडस होईना म्हणून म्हणे आधी चौकाला चकरा मारत राहिला. तो होता विल्यम विल्बरफोर्स, वय २६. राजकारण सोडून देवाची सेवा करावी का, हा त्याचा प्रश्न. न्यूटनने त्याला राजकारणातच राहायला सांगितलं. त्याच विल्बरफोर्सने पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्ये लढा दिला.

आणि १७८८ मध्ये, वयाच्या साठीनंतर, न्यूटनने एक पुस्तिका छापली: 'थॉट्स अपॉन द आफ्रिकन स्लेव्ह ट्रेड'. तिचा सूर आधीच्या जीवनकथेपेक्षा पार वेगळा आहे. आता गप्प राहणं हाच गुन्हा ठरेल, असं तो म्हणतो. लाज स्वतःवर घेऊन जाहीर कबुली देणं आपल्याला बंधनकारक आहे, असं म्हणतो. आणि लगेच पुढे हेही मान्य करतो की ही कबुली कितीही प्रामाणिक असली तरी उशिरा आली आहे. ज्या दुःखाला आपला हात लागला, ते आता तिने थांबणार नाही आणि भरूनही येणार नाही.

मग तो तपशील देतो. शंभर टनांच्या जहाजात सव्वादोनशे-अडीचशे माणसं कशी भरतात. फळीवर पुस्तकं लावावीत तशी कशी चिकटून झोपवतात. दोघादोघांना एकत्र बेड्या घातल्याने कूस बदलणंही कसं अवघड होतं. किनाऱ्यावरून आणलेल्या बायका-मुली खलाशांच्या तावडीत कशा सापडतात. आणि एका जहाजाचा अधिकारी: रात्री एका आईच्या कडेवरचं मूल रडत होतं, झोपमोड होते म्हणून त्याने ते हिसकावून समुद्रात फेकलं.

ही माहिती आतल्या माणसाची होती, म्हणून तिला वजन होतं. पुस्तिका खासदारांपर्यंत पोहोचवली गेली. न्यूटनने स्वतः सरकारी चौकशीत साक्ष दिली. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामांच्या व्यापारावर बंदीच्या कायद्याला राजाची संमती मिळाली. तोवर न्यूटनची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो वारला.

मग क्षमा कधी मिळाली?

आता खरा प्रश्न. १७४८ मध्ये की १७८८ मध्ये?

ख्रिस्ती उत्तर असं की क्षमा आधी येते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा तोंडपाठ केलेली माफी पूर्ण म्हणायच्या आत बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. कबुली ही क्षमेची किंमत नाही. किंमत असती तर न्यूटनसारख्यांना कधीच परवडली नसती. मला वाटतं, उलट आहे: आपण टाकले जाणार नाही याची खात्री असेल तरच माणूस आपलं सगळ्यात वाईट कृत्य तोंडावर आणू शकतो.

पण त्याच बायबलमध्ये जक्कयही आहे. लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, आधी काही अट न घालता. आणि जक्कय उभा राहून म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे देवाकडे जायची वाट त्या भावाच्या दारावरून जाते.

न्यूटनच्या बाबतीत ते दार अटलांटिकच्या पलीकडे होतं, उसाच्या मळ्यांत. त्याने विकलेल्या माणसांपर्यंत त्याची पुस्तिका कधी पोहोचली नाही. त्या चार मुलांची नावंही नोंदीत नाहीत.

आणि कबुली किती कठीण असते याचा आणखी एक पुरावा. पुस्तिकेत अंगठ्यांच्या स्क्रूचा उल्लेख आहे. पण तिथे तो लिहितो की गुलामांना ही यातना भोगताना मी पाहिलं. पाहिलं. रोजनिशी सांगते की हुकूम त्याचा होता. स्वतःच्या थडग्यावरचा लेखही त्याने स्वतःच तयार केला. त्यात आपण नास्तिक होतो, दुराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे नोकर होतो आणि ख्रिस्ताच्या दयेने क्षमा पावलो, असं आहे. गुलामांच्या जहाजाचे कप्तान होतो, हे नाही.

हे सांगून मला न्यूटनला लहान करायचं नाहीये. त्याच्या काळात असे शेकडो कप्तान होते आणि बहुतेक सगळे गप्प मेले. तो बोलला, स्वतःची अब्रू पणाला लावून बोलला. पण जवळजवळ ३४ वर्षांनी बोलला, आणि त्या ३४ वर्षांत जहाजं चालूच होती. अटलांटिक ओलांडून नेलेल्या आफ्रिकी माणसांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी धरली जाते, आणि त्या व्यापारात ब्रिटिश जहाजांचा जोर सगळ्यात जास्त होता तो याच शतकात.

जाता जाता, आपल्या भाषेपर्यंतचा धागा

न्यूटनने ओल्नी सोडल्यावर काही वर्षांनी त्याच गावातल्या बाप्टिस्ट मंडळीने एका चांभाराला उपदेशक म्हणून मान्यता दिली. तो विल्यम केरी. १७९३ मध्ये केरी बंगालला आला आणि १८०५ मध्ये त्याने मराठी व्याकरण छापलं. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करारही निघाला. केरीच्या १७९२ च्या पुस्तकात एक गोष्ट नोंदलेली आहे: गुलामांच्या घामाची म्हणून वेस्ट इंडीजची साखर इंग्लंडमधली अनेक कुटुंबं खाईनाशी झाली होती. चहात साखर नाही, एवढंच. कबुली छापून वर्षं झाली होती, आणि कुणीतरी तिचा हिशेब स्वयंपाकघरात मांडत होतं.

त्या साखरेबद्दल आणि तिच्या बहिष्काराबद्दल पुढच्या भागात बोलू. तोवर, 'अमेझिंग ग्रेस' पुन्हा कानावर पडलं तर अर्ध्यात बंद करू नका. पूर्ण ऐका. फक्त ऐकताना ती चार मुलंही आठवा.

भेटू. नमस्कार.