फ्लॉपीसारखी वापरायची सीडी

मागच्या भागात आपण फ्लॉपीपाशी थांबलो होतो. १.४४ एमबी, म्हणजे धड एक मोठा फोटो मावायचा नाही. आज तिच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूची गोष्ट. लिहा, पुसा, परत लिहा, तेही ६५० एमबी! मग ती फ्लॉपीची जागा का घेऊ शकली नाही?

माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान होतं. साल २००५, लोडशेडिंगचे दिवस. मामाची सगळी कामं, लग्नपत्रिका, हँडबिलं, एका छोट्या दिवाळी अंकाची पानं, एकाच आरडब्ल्यूवर असायची. फाइल ओढायची, डिस्कवर टाकायची, झालं. एका दुपारी पानं डिस्कवर जात असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. वीज आल्यावर डिस्क लावली, तर कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क कोरी आहे.

ही भानगड समजायला थोडं आत शिरावं लागतं. साध्या सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो. लेसर तो भाजतो, आणि भाजलेलं परत कच्चं होत नाही. आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. साखरेचा पाक आठवा. पटकन गार केला तर काचेसारखा होतो, सावकाश राहू दिला तर खडीसाखर धरते. तसंच इथं. लेसरनं ठिपका ५००-७०० अंशांपर्यंत तापवून वितळवला आणि तो झटक्यात गार झाला, की मंद पडतो. साधारण २०० अंशांवर तापवला, की पुन्हा स्फटिक होऊन चमकतो. चमक आणि मंदपणा, एवढ्यावर सगळं लिखाण. हे सुमारे १००० वेळा करता येतं.

या कल्पनेच्या मुळाशी अमेरिकेतला स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की. कॉलेजची पदवी नाही, लेथवर काम करून वर आलेला माणूस. काचेसारखे पदार्थ अवस्था बदलून वीज अडवू किंवा सोडू शकतात, हा त्याचा निबंध १९६८चा. सीडी-आरडब्ल्यूचे ड्राइव्ह बाजारात आले १९९७ साली! बरं, आले तेही अडचण घेऊनच. साधी सीडी ७० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते, ही १५ ते २५ टक्के. बऱ्याच जुन्या ड्राइव्हना ती दिसायचीच नाही.

पण खरी गोची धातूत नव्हती, घराण्यात होती. सीडी जन्मली गाण्यांसाठी. आतून बाहेर जाणारी एकच सलग रेघ, पाच किलोमीटरहून लांब. गाणी एकदा लिहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फ्लॉपीचं तसं नव्हतं, तिच्यावर छोटे कप्पे, हवा तो उघडा. सीडीच्या रेघेवर मध्येच थांबून परत सुरू करायचं तर जोड द्यावा लागतो. दर ३२ ठोकळे माहितीमागे ७ ठोकळे नुसते जोडाचे. म्हणून ६५०ची डिस्क फॉरमॅट केली की ५३०च्या आसपास उरायची. आणि तो फॉरमॅट! सुरुवातीच्या ड्राइव्हवर अर्ध्या तासाहून जास्त.

हे सगळं झाकायला सॉफ्टवेअर यायचं. ते डिस्क फ्लॉपीसारखी दाखवायचं, पण फाइली आधी मेमरीत गोळा करून मग सवडीनं डिस्कवर लिहायचं. कुठली फाइल कुठं आहे, ही अनुक्रमणिका तर अनेकदा डिस्क बाहेर काढताना. म्हणून बटण दाबलं तरी डिस्क लगेच बाहेर यायची नाही. मामाची पानं डिस्कवर पोचली होती, अनुक्रमणिका पोचली नव्हती. वही आहे, पण पान क्रमांक कुणी लिहिलेच नाहीत.

यावर उपाय नव्हता असं नाही. १९९८ साली आलेली डीव्हीडी-रॅम पहिल्यापासून अशाच कामासाठी बनवली होती. कप्प्यांच्या खुणा डिस्कवरच कोरलेल्या, खराब जागा ड्राइव्ह स्वतः टाळणार, लिहा लाखभर वेळा. माझ्या मते रोजच्या वापराची खरी डिस्क तीच. पण महाग, आणि दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये चालेल याची खात्री नाही. सीडीसाठीही पुढे माउंट रेनियर नावाची पद्धत आली, पण तोवर २००० सालीच ८ एमबीचा पेन ड्राइव्ह बाजारात उतरला होता. विंडोजमध्ये डिस्कवर थेट फाइली टाकायची सोय आपसूक मिळाली ती व्हिस्टापासून, २००७ साली. लग्नाच्या वरातीनंतर घोडा! आपल्याकडे तर कोऱ्या सीडी-आर इतक्या स्वस्त झाल्या होत्या की पुसत कोण बसणार? चुकली तर नवी घाला.

दिवाळी अंक निघाला म्हणा. बटर पेपरवरची प्रुफं होती, मामानं दोन रात्री जागून सगळं पुन्हा टाइप केलं.

गेल्या वर्षी ती डिस्क मी मागून आणली. अनुक्रमणिका नसली तरी रेघ चाचपत जाणारी सॉफ्टवेअरं आता मिळतात. बरीच पानं सापडली. उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, तो माझ्याकडे कुठून असणार! मामाला फोन केला, म्हटलं, फॉन्ट आहे का रे तुझ्याकडे?

म्हणाला, "होता की. फ्लॉपीवर."