२२ जानेवारी : कोळीवाड्यात मैफल

कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा जन्म १९७६ मध्ये आजच्या दिवशी चेन्नईत झाला. मार्गळी या तमिळ महिन्यात (डिसेंबर-जानेवारी) तिथल्या संगीतसभा गाण्या-नाचानं गजबजतात. समुद्रकाठचा कोळीवाडा मात्र या उत्सवाबाहेरच राही. २०१५ च्या जानेवारीत कृष्णा, पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि ग्रामस्थांनी बेसंट नगरलगतच्या उरूर-ओल्कॉट कुप्पममध्येच महोत्सव भरवला. मासेमारीच्या वस्तीत, सर्वांना मुक्त प्रवेश! पुढे या महोत्सवात भरतनाट्यमच्या बरोबरीनं पराईही घुमली. अंत्ययात्रेत दलितांनी वाजवायचं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणवलेलं हे चर्मवाद्य. त्याला शास्त्रीय कलांच्या पंगतीत मानाचं पान मिळालं, ही मोठीच गोष्ट. अशाच प्रयत्नांसाठी कृष्णांना २०१६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.