पोकरची ऑनलाइन शिकवणी : झाकली मूठ किती उघडावी?

खास प्रतिनिधी

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पोकर या पत्त्यांच्या खेळाला तंतोतंत लागू पडते. हातातली पाने प्रतिस्पर्ध्याला दिसत नाहीत, हाच या खेळाचा प्राण. इंटरनेटवर पोकर शिकवण्याची जी पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली, तिचा पाया मात्र नेमका उलटा आहे. येथे शिकणारा आपल्या संगणकाचा पडदा दूरवरच्या शिक्षकापुढे उघडा करतो. ‘स्क्रीन शेअरिंग’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र शिकवणीस अत्यंत सोयीचे आहे. परंतु ते केव्हा आणि किती वापरावे याचे भान सुटले, तर त्यातूनच फसवणूक घडते. कधी इतरांची, तर कधी स्वतःची.

गरज कशी निर्माण झाली?

अमेरिकेतील टेनेसी राज्यातला क्रिस मनीमेकर हा लेखापाल २००३ मध्ये इंटरनेटवरील पात्रता स्पर्धा जिंकून लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये पोहोचला. तेथे ८३९ खेळाडूंच्या मुख्य स्पर्धेत तो विजेता ठरला आणि २५ लाख डॉलर घेऊन परतला. या घटनेनंतर ऑनलाइन पोकरची लाट उसळली आणि पाठोपाठ शिकवण्यांचाही व्यवसाय उभा राहिला. शिक्षक एका देशात आणि विद्यार्थी दुसऱ्या, ही स्थिती नित्याची झाली.

पोकरचे शिक्षण केवळ तोंडी होत नाही. ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. दोन्ही पाने एकाच चिन्हाची की वेगळ्या, एवढाच भेद धरला तर त्यांचे १६९ प्रकार उरतात. शिक्षक हे प्रकार १३ गुणिले १३ चौकोनांच्या तक्त्यात मांडून, कोणत्या जागेवर बसले असता कोणती पाने खेळावीत हे दाखवतो. पाठोपाठ गणित येते. समजा, मध्ये १०० रुपये जमले आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने ५० रुपयांची पैज लावली. आपण ५० भरल्यास एकूण रक्कम २०० होते. म्हणजेच जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असेल तरच ते पैसे भरणे हिताचे. असा हिशेब समोर डाव दिसत असतानाच मनात ठसतो.

तंत्र कसे चालते?

संगणकाचा पडदा दुसरीकडे पाठवण्याची कल्पना पोकरच्या लाटेहून जुनी आहे. केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात ‘व्हीएनसी’ ही प्रणाली तयार झाली. पडद्यावरचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा, हे तिचे सूत्र. पोकरच्या टेबलाचे चित्र बराच वेळ स्थिर असते, त्यामुळे अशा पद्धतीला साधी इंटरनेट जोडणीही पुरते. पुढे २००५ मध्ये जर्मनीत ‘टीमव्ह्यूअर’ सुरू झाले, २००९ मध्ये ‘स्काईप’वर पडदा दाखवण्याची सोय आली. स्काईप मे २०२५ मध्ये बंद झाले. आता ‘झूम’, ‘डिस्कॉर्ड’ यांसारख्या सेवांवर हेच काम होते.

या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या परवानग्या असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एक पडदा केवळ पाहू देण्याची, दुसरी माऊस व कळफलकाचा ताबा देण्याची. शिकवणीसाठी पहिली पुरेशी असते.

खेळ संपल्यावर की चालू असताना?

कळीचा प्रश्न वेळेचा आहे. संपलेल्या डावांची उजळणी करण्यास कोणाची हरकत नसते. पोकरचे सॉफ्टवेअर प्रत्येक डावाची नोंद संगणकावर साठवते. ‘पोकरट्रॅकर’सारख्या साधनात ती उघडून शिक्षक एकेक खेळी तपासतो. खऱ्या पैशांचा डाव चालू असताना शिक्षकाने पडद्यावर पाहून ‘आता पैज वाढव’ असे सुचवणे मात्र नियमबाह्य ठरते. ‘एका डावाला एकच खेळाडू’ हे पोकरचे जुने तत्त्व आहे. समोरचा भिडू एकाशी खेळत असल्याचे समजतो, प्रत्यक्षात त्याच्याविरुद्ध दोन डोकी चालत असतात.

हा वाद २०२४ मध्ये लास वेगासच्या मुख्य स्पर्धेतही गाजला. विजेता जोनाथन तामायो अंतिम फेरीत मधूनमधून उठून प्रेक्षकांच्या कठड्याशी बसलेल्या सहकाऱ्यांशी सल्लामसलत करीत होता आणि त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडा होता. त्याचे विजेतेपद कायम राहिले. परंतु अशा इलेक्ट्रॉनिक मदतीविरुद्धचे नियम पुढच्या वर्षी कडक करण्यात आले.

न सांगता पडदा पाहणारे

परवानगीविना पडदा पाहिला जाण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये बार्सिलोना येथील स्पर्धेदरम्यान फिनलंडचा नामांकित खेळाडू येन्स किलोनेन याचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने जागेवर परत आला. संशय आल्याने त्याने तो ‘एफ-सिक्युअर’ या कंपनीकडे तपासणीस दिला. त्यात पडद्याचे चित्र दूरवर पाठवणारा छुपा प्रोग्रॅम आढळला. २०१५ मध्ये ‘ईसेट’ या कंपनीने पोकरपटूंची पाने चोरून पाहणाऱ्या ‘ओडलनॉर’ या प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली. तो पोकरशी संबंधित सॉफ्टवेअरच्या आडूनही संगणकात शिरत होता.

दूरून ताबा घेण्याची जोखीम केवळ पोकरपटूंना नाही. ‘एनीडेस्क’ या ॲपद्वारे मोबाइलचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता.

भारतातील स्थिती

पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशांचे पोकर बंद केले. म्हणूनच एखादा शिक्षक ‘अमुक संकेतस्थळावर खाते उघडा, मग शिकवतो’ असे म्हणू लागला, तर तेथेच सावध व्हावे.

हे लक्षात ठेवा

* संपूर्ण पडदा न दाखवता केवळ आवश्यक ती खिडकी दाखवा. बँकेचे संदेश, ईमेल, पासवर्ड आधी बंद करा.
* माऊस व कळफलकाचा ताबा कोणालाही देऊ नका.
* सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, शिक्षकाने पाठवलेल्या फाइलमधून नव्हे.
* उजळणी संपलेल्या डावांची करा. चालू खेळावर सराव हवा असल्यास तो विनापैशाच्या टेबलावर करा.
* शिकवणीचे ध्वनिचित्रमुद्रण होणार का व ते कोणाकडे राहणार, हे आधी ठरवा. आपल्या खेळातले कच्चे दुवे त्यात असतात.
* तास संपताच जोडणी तोडा आणि ती खरोखरच तुटली आहे ना, हे तपासा.