डोक्यात भार

चपला बाहेर काढा आणि जपून आत या, सारवलेली जमीन ओली आहे. साल 1935 धरा. आषाढ आहे, गाव कणकुंबी. पाऊस उघडायची वाट बघत बसू नका, तो इथं मुक्कामालाच येतो. लाकडं भिजलेली, त्यामुळं चूल जळण्यापेक्षा धुमसतेच जास्त. वाळत टाकलेल्या घोंगड्याला मेंढराचा वास येतोय.

कोपऱ्यात पडलाय ते तुम्हीच. लावणीची घाई आहे, भावकी गुडघाभर चिखलात वाकलीय, आणि तुम्हाला उठवत नाही. अंगात ताप नाही, कुठं लागलेलं नाही. "पोरगं जेवंना झालंय, झोपंना झालंय," आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तुम्ही सांगता ते एवढंच, की डोक्यात भार आहे. शहाणे आहात. मन लागत नाही म्हणालात तर लोक हसतील. डोकं जड झालंय म्हटलं, की गरम पेज येते.

मनाचं दुखणं अंगाच्या नावावर सांगणारी फक्त कणकुंबीच नाही बरं. पुढं माओच्या चीनमध्ये डॉक्टरसुद्धा असल्या दुखण्याला 'नसांची कमजोरी' म्हणायचे. क्रांती झालेल्या देशात माणूस उदास असणं पचायला अवघड. राबून नसा थकल्या म्हटलं, की कामगाराची लाज राखली जाते.

तुम्हाला आधी माऊली देवीच्या देवळात नेतात. गाऱ्हाणं, ढोल, धूप, ओल्या अंगांची दाटी. कपाळाला अंगारा लागतो. दोन रात्री झोप येते, तिसऱ्या रात्री पुन्हा डोळे टक्क उघडे.

मग बैलगाडी. जांबोटीवरून खानापूर, हाडं खिळखिळी. वेड्यांच्या इस्पितळात घालायला 1912 च्या कायद्यानं दोन डॉक्टरांचे दाखले लागतात, वर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आजारी पडायला एवढे कागद! मीटरगेज गाडीनं लोंढ्यामार्गे धारवाड. डोळ्यांत कोळशाची कुसळं, मांडीवर आजीचं गाठोडं.

इस्पितळात पॅराल्डिहाइड या झोपेच्या औषधाचा उग्र दर्प, घेणाऱ्याच्या श्वासालाही तोच. ब्रोमाइडचं खारट औषध. कुणीतरी रात्रभर ओरडतंय. सकाळी वॉर्डातला माणूस वाकून विचारतो, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, एवढं कानडी तुम्हाला कळतं. तुम्ही मान हलवता. नाही.

ते इस्पितळ 1845 सालचं. आता त्याला डिमहान्स म्हणतात, आणि दाखवायला जायचं तर मॅजिस्ट्रेट लागत नाही, केसपेपर काढला की झालं.